काळीचारच्या दाढा

आदगोंडा मगदूम आणि सुगंधाबाई मगदूम हे नवराबायको अकरा वर्षं एकमेकांशी मांजरामार्फत बोलत होते.

मिरजेत मला थापाड्या म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. कृष्णेच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून औषधं वाटली, ही गोष्ट मी निदान तीन वेगवेगळ्या म्हशींवर बसून सांगितली आहे. पण ह्या मांजराच्या बाबतीत मी पदरचं काही घालत नाही. घालायला जागाच नाही.

आमची घरं समोरासमोर. मध्ये दीड माणूस जाईल एवढा बोळ. त्यांच्या घरातलं बोलणं मला माझ्या खाटेवर पडल्यापडल्या ऐकू यायचं.

"काळीचार, सांग त्यांना, पाणी तापलंय."

"काळीचार, विचार तिला, टॉवेल कुठाय."

"सांग, रोज असतो तिथंच आहे. आणि विचार, डोळे पण कुणाच्या पेटीत बसवून आलात का?"

मांजर मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीनं बघायचं. निरोप पोचला की शेपूट एकदा हलवायचं. पोस्टमनपेक्षा इमानी होतं.

आदगोंडा पेटीवाले. पेटी म्हणजे हार्मोनियम. चाळीस वर्षं लोकांच्या पेट्या दुरुस्त केल्या. भात्याला भोक कुठं आहे ते त्यांना नुसतं ऐकून कळायचं. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर होतो. अजून सगळे मला ड्रेसरच म्हणतात. विलास कोळेकर हे नाव फक्त रेशनकार्डाला माहीत आहे.

मांजर जन्मलं दुरुस्तीला आलेल्या एका पेटीच्या रिकाम्या खोक्यात. पांढरं शुभ्र, अंगावर चार काळे ठिपके. सुगंधाबाई तेव्हा गायच्या, आणि पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा षड्ज. गाणारे लोक त्याला 'काळी चार' म्हणतात. ठिपके चार, आणि पिल्लाचं पहिलं म्यावसुद्धा बरोबर काळी चारला लागलं, असं आदगोंडा शपथेवर सांगायचे. हे मला मान्य नाही. जरा खालीच होतं. पण नाव पडलं ते पडलं.

आता भांडणाचं. सुगंधाबाईंना लग्नात वडिलांनी पेटी दिली होती, आत जर्मन सूर. पट्टी दाबल्यावर जी पितळेची जीभ थरथरते, तिला पेटीवाले सूर म्हणतात. दोन हजार तीस साली एका भजनी मंडळाची पेटी ऐन उत्सवाच्या आदल्या दिवशी बंद पडली. तसला सूर गावात कुठं मिळेना. आदगोंडांनी बायकोच्या पेटीतली काळी चार उपटली आणि तिकडं बसवली. न विचारता. "चार दिवसांत परत लावतो की," असं स्वतःशी म्हणत.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई गायला बसल्या, पट्टी दाबली आणि नुसता वारा आला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चातुर्मास चालू होता. त्यांच्या जैन समाजात बस्तीत, म्हणजे मंदिरात, मुनिमहाराजांसमोर जाऊन नियम घेतात. कुणी चार महिने साखर सोडतं, कुणी तूप. सुगंधाबाईंनी मनातल्या मनात नवऱ्याशी बोलणं सोडलं आणि घरी येऊन ते मांजराला सांगितलं, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

कार्तिकात नियम संपला. आता आधी बोलायचं कुणी? बाईंचं म्हणणं, चूक त्यांची, त्यांनी हाक मारावी. आदगोंडांना भीती, आपण हाक मारायची आणि हिनं नियम वाढवलेला असायचा. मोडला तर पाप आपल्या माथी. शेवटी त्यांनी मांजरालाच विचारलं, "काळीचार, विचार तिला, नियम संपला का?" मांजरानं जांभई दिली आणि ते बोळात निघून गेलं. सुगंधाबाई त्या वेळी नळावर होत्या. त्यांनी ऐकलंच नाही. आदगोंडांनी जांभईचा अर्थ आपल्या परीनं लावला, आणि बघता बघता अकरा वर्षं गेली.

त्या मार्गशीर्षात काळीचार सोळा वर्षांची होती. ती खिडकीत उडी मारायची बंद झाली. खिडकीखाली यायची, वर बघायची, आणि आपल्याला वर काही काम नव्हतंच असं दाखवून परत जायची. दहीभात एका बाजूनं चावायची, निम्मा खाली सांडायची. मी जुना माणूस, माझ्या लक्षात आलं. आम्ही तिघं तिला घेऊन डॉक्टर तहसीन मुजावरकडे गेलो. ही पोरगी शिकत असताना माझ्या हाताखाली बैलांना पट्ट्या बांधायला शिकली. मला ड्रेसरमामा म्हणते.

तहसीननं मांजराचा ओठ वर केला आणि तोंड मागं घेतलं. "आजी, हा वास कधीपासून?"

"वास काय, आहेच की," सुगंधाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. "मी म्हटलं, ह्यांच्या सुकटीचा."

मगदुमांच्या घरात कांदासुद्धा शिरत नाही, आणि मी सोळा वर्षं त्या मांजराला बोळाच्या कोपऱ्यावर वाळकी मासळी चारत होतो. चोरून, असा माझा समज होता.

"तुम्हाला माहीत होतं, काकू?"

"मला नाक नव्हतं का सोळा वर्षं? जनावर आहे ते. त्याला कसला नियम? मी बघत नव्हते एवढंच."

आदगोंडा मांजराकडं वळले. "काळीचार, हे मी काय ऐकतोय?"

"आजोबा, तिला रागावू नका," तहसीन म्हणाली. "मांजर नुसत्या दहीभातावर जगत नाही. आधी डोळे जातात, मग हृदय. मामांच्या सुकटीनं हिला सोळा वर्षं जगवलंय." मी छाती पुढं काढणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि त्याच सुकटीच्या वासाखाली दाढा किडत गेल्या, कुणाला कळलं नाही."

छाती मी आत घेतली.

दाढा मुळाशी कुजल्या होत्या. काढायला हव्या होत्या. मांजर काही आ करून बसत नाही, म्हणजे पूर्ण भूल. सोळा वर्षांचं मांजर म्हणजे ऐंशीची म्हातारी. आधी रक्त, लघवी, रक्तदाब, हृदय सगळं बघायला हवं. मूत्रपिंडं दमलेली असतील तर भुलीचं औषध उतरायला वेळ लागतो. "आणि सांधे," ती म्हणाली. "भुलीत तासभर अंग एका जागी पडून राहतं. दुखरा सांधा ताणला गेला तर ती आवाज करणार नाही, पण जागी झाल्यावर दाढेपेक्षा कंबरच जास्त ठणकते. कुठला सांधा दुखतो ते आधी कळलं, तर मी तो उशीवर ठेवीन."

"मग हात लावून बघ की," मी म्हटलं.

"मामा, ही माझ्यासमोर दुखतं म्हणून सांगेल? मांजर लहान शिकारी आहे. स्वतः शिकार करतं आणि मोठ्याची शिकारही होतं. रानात जो लंगडला तो आधी गेला. म्हणून हे जनावर लाखो वर्षं दुखणं लपवायला शिकलंय. माझ्या टेबलावर तर ते तरुण होतं. खरं कळतं फक्त घरी, कुणी बघत नसताना."

आणि तिनं कपाटातून ठणकपट्टी काढली.

तुमच्यापैकी काही जणांच्या घरी आता असेलही, पण तेव्हा ती नवीन होती. जाजमासारखी गुंडाळी, पोस्टकार्डाएवढी जाड, आत लाखभर बारीक ठिपके. प्रत्येक ठिपका वजन ओळखतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात नोंदवतो. दुखणारा पाय जमिनीवर ठेवायच्या आधी शरीर जराशी कच खातं. डोळ्याला दिसत नाही, पण पाच-दहा ग्रॅम वजन दुसऱ्या पायावर सरकतं. हजारो पावलं गोळा झाली की त्या कच खाण्याचा एक ठसा तयार होतो. कंबरेचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा; दाढेचासुद्धा, कारण दाढ दुखत असली की मांजर खाताना मान कलती करतं आणि पुढच्या एका पायावर भार येतो.

ह्या पट्टीनं पुढं काय काय गोंधळ घातले ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका तालमीत पैलवानांनी ती मातीखालून उकरून विहिरीत टाकली. कुपवाडला एका वधूपित्यानं ती पाटाखाली अंथरली आणि मुलाची पाठ दुखते हे चहा यायच्या आत सगळ्यांना कळलं. एका पुढाऱ्यानं व्यासपीठावर चढायच्या आधी बूट काढायला नकार दिला म्हणतात. लपवलेलं दुखणं उघडं पाडणारं यंत्र बाजारात आलं आणि माणसं चपला जपून घालायला लागली.

पण आमच्या बोळात ती मांजरासाठी आली. अंथरायचं काम मी आपणहून घेतलं. चौतीस वर्षांचा अनुभव, मला काय कठीण? मधल्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत पट्टी पसरली. पट्टी जोडल्यावर फोनच्या पडद्यावर प्रश्न आला, 'ह्या घरातले किती जण मोजायचे?' म्हणजे मांजरं किती, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता हे मला मागाहून कळलं. मी विचार केला, ह्या घरात बोलणारे तीन. मांजर धरून. तीन आकडा दाबला आणि चहा पिऊन घरी आलो.

दहा दिवसांनी पुन्हा दवाखाना. काळीचार टेबलावर, आम्ही तिघं भोवती.

"आकडे दाखवले की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात," तहसीन म्हणाली. "म्हणून मी पावलांचा आवाज करते. पूर्ण भार टाकला की सूर नीट लागतो. कच खाल्ली की उतरतो."

तिनं बटण दाबलं. टिप टिप टिप टुप. टिप टिप टिप टुप.

आदगोंडांचे डोळे आपोआप मिटले. "मागचा डावा. आणि नुसता पाय नाही, वरून, कंबरेतून उतरतोय. आणि हा, आता थांबली ना, हा पुढचा उजवा. हे दाढेचं."

तहसीननं पडद्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "आजोबा, तुम्ही नोकरी कराल का इथं?"

सगळे हसलो. तेवढ्यात यंत्रानं आपणहून दुसरा आवाज सुरू केला. जड, खालचा. डम, डूं. डम, डूं. प्रत्येक दुसरं पाऊल घसरत होतं, भात्यातला वारा संपत आलेल्या पेटीसारखं.

"हे काय?" तहसीन म्हणाली. "अठ्ठावन्न किलो. घरात दुसरं जनावर आहे?"

आदगोंडा पावलं मोजत होते. "तेरा," ते पुटपुटले. "सकाळी सहाला, ओट्यापासून माझ्या पाटापर्यंत. तेरा पावलं जाताना, तेरा येताना." रोज त्यांचा चहा घेऊन येणारी ती पावलं होती. "उजवा गुडघा." मग ते टेबलावरच्या मांजराकडं झुकले. "काळीचार, विचार तिला, हे कधीपासून?"

सुगंधाबाई पिशवीचा बंद सोडून परत बांधत होत्या. "सांग, सात वर्षं झाली. आणि सांग, त्यात विचारायचं काय एवढं."

तिसरा आवाज सुरू झाला. एकसष्ट किलो, सांधे ठणठणीत. मधल्या खोलीतून निघायचा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा. मग नुसतं ह्या पायावरून त्या पायावर. चार मिनिटं. मग परत.

"रोज सकाळी साडेसहाला," तहसीन म्हणाली. "दहा दिवस, दहा वेळा. येतो, थांबतो, आत न जाता परत जातो. ह्याला दुखत कुठंच नाहीये, मग पट्टी ह्याला ठणका का म्हणतेय कळत नाही."

आदगोंडा खिडकीबाहेर बघायला लागले. मी माझ्या फोनकडं बघून, तीन आकडा दाबला ही गोष्ट सध्या कुणाला सांगायची नाही, असं ठरवलं.

रक्ताचा अहवाल आला. मूत्रपिंडं थोडी दमलेली, हृदय बरं. "भूल देण्यात धोका आहे," तहसीननं सरळ सांगितलं. "न देण्यातही आहे, ती हळूहळू खाणंच सोडेल. मी करीन म्हणते." सोमवारची वेळ ठरली. रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत चालेल. मांजर न्यायची पेटी आठवडाभर आधी घरात उघडी ठेवायची, आत तिचं रोजचं फडकं. म्हणजे त्या दिवशी धरपकड नको.

आदगोंडांनी बाजारची पेटी आणली नाही. ज्यात ती जन्मली ते खोकं मधल्या खोलीच्या माळ्यावरून काढलं, त्याला जाळीचं दार बसवलं. सुगंधाबाईंनी आत जुन्या लुगड्याची घडी घातली. काळीचार पहिल्याच दुपारी आत जाऊन झोपली. रविवारी मी बोळात उभा होतो, उगाच. सुगंधाबाई खोक्याशी वाकून तिला सांगत होत्या, "परत ये गं बाई. तू आली नाहीस तर ह्या घरात मी बोलू कुणाशी?"

मी खिशातली सुकट परत घरी नेऊन डब्यात टाकली. निरोपाचा घास म्हणून आणली होती. पण उपाशी ठेवायचं म्हणजे ठेवायचं.

सोमवारी सकाळी बिनड्रायव्हरची रिक्षा बोलावली. तिनं 'प्रवासी चार' असं जाहीर केलं आणि मांजराला पट्टा बांधल्याशिवाय हलेना. शेवटी सुगंधाबाईंनी खोक्याला पदर गुंडाळला, तेव्हा तिचं समाधान झालं.

तहसीननं आत नेताना दाखवलं. टेबलावर ऊबदार गादी, डाव्या कंबरेखाली कापसाची गुंडाळी, मागचे पाय ताणायचे नाहीत अशी दोऱ्यांची सैल गाठ. "पट्टीनं सांगितलं तसं," ती म्हणाली. दार बंद झालं.

बाहेर एक बाक. एका टोकाला आदगोंडा, दुसऱ्या टोकाला सुगंधाबाई, मध्ये मांजराची जागा. तिथं मी बसलो.

थोड्या वेळानं सुगंधाबाई म्हणाल्या, "ड्रेसर, सांगा त्यांना, पाण्याची बाटली पिशवीत आहे."

मला आता हे काम आलं! मी आदगोंडांकडं वळून म्हटलं, "काकू म्हणतात, किती काळजी करता, तोंड बघा कसं सुकलंय, दोन घोट पाणी तरी घ्या."

"असं मी कधी म्हटलं?"

"ड्रेसर, सांग तिला, मला तहान नाही."

"आदगोंडा म्हणतात, तू आधी घे, तुझा गुडघा दुखत असेल."

"गुडघ्यानं पाणी पितात का?" आदगोंडा ओरडले. "मी काय म्हटलं, हा काय सांगतोय!"

निरोप्या म्हणून मांजरच चांगलं का, ते मला त्या बाकावर कळलं. ते भर घालत नाही. सुगंधाबाई उठून उभ्या राहिल्या. "ड्रेसर, तुम्ही चहा पिऊन या."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. तिथं माझ्या चपलेचा अंगठा निघाला, असं मी ठरवलं, आणि बसून तो नीट करत राहिलो.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. तहसीन, तोंडावर मास्क. "आजी, आजोबा, दोन मिनिटांत सांगा. दाढा निघाल्या. पण क्ष-किरणात खालचा सुळा दिसला, त्याचं मूळ जबड्याच्या हाडात सडलंय. तोही काढायचा तर अजून चाळीस मिनिटं भूल. आता थांबवलं तर आत्ताचा धोका कमी, पण तो दुखतच राहील, आणि पुन्हा भूल द्यायला ह्या वयात माझं मन होणार नाही. तुमचं दोघांचं एकमत पाहिजे." दार लागलं.

आदगोंडांचा हात बाकावर बाजूला गेला, मांजर असायचं त्या जागी. तिथं काही नव्हतं. हात तसाच राहिला.



"अहो."

आदगोंडांनी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.

"अहो, तुम्हाला म्हणतेय."

"नियम संपला?"

"अगंबाई! कार्तिकातच संपला की. अकरा वर्षं झाली त्याला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"काळीचारला सांगितलं होतं मी!"

आदगोंडांना ती जांभई आठवली असावी.

"ते राहू द्या आता," सुगंधाबाई म्हणाल्या. "हिचं काय करायचं ते बोला."

"थांबवू या. घरी घेऊन जाऊ. चाळीस मिनिटं म्हणजे... उठली नाही तर?"

"आणि तो सुळा?"

"मऊ भात घालू. काढेल दिवस."

"दिवस निघतात हो. मी काढलेत सात वर्षं. कुणाला न सांगता दुखणं घेऊन तेरा पावलं चालायचं काय असतं, ते मला विचारा. तिला बोलता येत नाही म्हणून तिनं गप्प सोसायचं? मला येत होतं, तरी मी काय केलं?" त्यांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट गाठ मारली. "काढू दे सुळा."

"पण उठली नाही तर, सुगंधा?"

"तर आपण दोघं घरी जाऊ. आणि मी तुमच्याशी बोलेन. पण दुखतंय तसं ठेवून, नुसती माझे निरोप पोचवायला मला ती नको."

आदगोंडा उठले, दारावर बोटानं दोनदा वाजवलं आणि आतल्या आवाजाला म्हणाले, "काढा म्हणतोय आम्ही."

मग चाळीस मिनिटं. मी ज्या वेगानं चपलेचा अंगठा बसवत होतो त्या वेगानं चांभाराचा संसार चालला नसता. आदगोंडांनी कोटाच्या खिशातून तपकिरीची डबी काढली आणि बाकावर ठेवली. ते तपकीर ओढत नाहीत. सुगंधाबाईंनी ती उघडली. आत कापसात पितळेची जीभ.

"काळी चार," ते म्हणाले. "जर्मनच आहे. नऊ वर्षं झाली मिळून. एक मोडकी पेटी आली होती पंढरीहून, तिच्यात होती."

"नऊ वर्षं? मग बसवली का नाही?"

"पेटी तुझ्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. विचारल्याशिवाय कशी काढायची? एकदा न विचारता काढून बघितलं की."

सुगंधाबाईंनी डबी बंद केली, पुन्हा उघडून बघितली. "म्हणजे रोज उंबऱ्याशी यायचात ते ह्यासाठी?"

"हो."

"आणि मला वाटायचं, चहात साखर कमी पडली म्हणून येऊन उभे राहता. वाढवत गेले मी. कपात पाच चमचे होतात आता!"

"मला वाटलं, शिक्षा आहे," आदगोंडा म्हणाले. "प्यायलो."

दार उघडलं तेव्हा त्या दोघांनी एकदमच मागं बघितलं. तहसीनच्या हातात टॉवेलची गुंडाळी, त्यातून एक ओला कान बाहेर. "सुळा धरून पाच निघाले. जरा उशिरा उठली, मला घाम फोडला तिनं. पण उठली." काळीचारनं एक डोळा उघडला. आधी सुगंधाबाईंकडं बघितलं, मग आदगोंडांकडं. निरोप काय आहे म्हणून. कुणीच काही सांगेना, तेव्हा तिनं डोळा मिटला.

पुढचं सगळं गोड झालं असं मी सांगू शकतो, सांगायची सवयही आहे. पण तसं झालं नाही. सुगंधाबाईंचा गुडघा काही मांजराबरोबर बरा झाला नाही. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तो त्या कुरकुरत करतात. सकाळचा चहा आदगोंडा करतात आणि तो मी एकदा प्यायलोय, दुसऱ्यांदा पिणार नाही. दोघं थेट बोलतात म्हणजे थेट भांडतात. अकरा वर्षांचं साठलेलं. मला खिडकी लावून घ्यावी लागते, आणि लावली की नीट ऐकू येत नाही.

काळीचारला सांध्याचं औषध चालू आहे. तहसीननं खिडकीपाशी पायऱ्या करायला सांगितल्या होत्या. आदगोंडांनी पेटीच्या जुन्या फळ्यांच्या तीन केल्या, कडेला गोल घासून, वर घोंगडीचा तुकडा. पहिले आठ दिवस तिनं त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही. नवव्या दिवशी मी बघत नाही असं समजून चढली. आता उन्हं आली की खिडकीत असते. सुकट मी मऊ शिजवून देतो. सुगंधाबाई तेव्हा बघत नाहीत.

ठणकपट्टी परत द्यायच्या आधी तहसीन मला म्हणाली, "मामा, एक दिवस तुमच्याकडं अंथरा की." मी गुंडाळी बांधून तिच्या हातात दिली. एकट्या माणसानं कशाला असली यंत्रं घरात घ्यायची.

त्याच आठवड्यात मी बोळात उभा होतो. चपलेचं काहीतरी होतं. आत सुगंधाबाई खुर्चीवर, समोर उंच चौरंगावर त्यांची पेटी. खाली बसवत नाही म्हणून चौरंगाला पाय आदगोंडांनीच लावले. बाईंनी भाता हलवला, चौथी काळी पट्टी दाबली आणि सूर भरून लागला. आवाज बाईंचा जुना राहिला नाही, चिरफळलाय. पण त्या सुरावर तो जाऊन टेकला आणि जरा वेळ तिथं थांबला.

आदगोंडा खाली बसून कुणाच्यातरी भात्याला चामडं चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाईंनी पट्टी सोडली. समोरासमोर भांडता येत होतं त्यांना, पण चांगलं बोलायची सवय गेली होती. त्या खिडकीकडं वळल्या.

"काळीचार, सांग त्यांना, सूर बरा बसलाय."

काळीचारनं कान हलवला, शेपूट हलवलं नाही.

"तिला कशाला बोलायला लावतेस?" आदगोंडा चामड्यावर अंगठा दाबत म्हणाले. "दाढा काढल्यात तिच्या."